वरच्या आळीची नऊ मिनिटं

प्रेमानंदला गावात नावानं हाक मारणारी माणसं दहा-पंधरा असतील. बाकीच्यांसाठी तो 'पाणीवाला'. बेंबळीच्या पुढं दोन कोसांवरचं हे गाव. नळाला पाणी सहा दिवसांनी, आणि तेही एकेका आळीला चाळीस मिनिटं. प्रत्येक आळीच्या तोंडाशी जमिनीत एक खड्डा, खड्ड्यात व्हॉल्व, आणि तो फिरवायला कमरेइतका उंच लोखंडी पाना. तो पाना खांद्यावर टाकून प्रेमानंद सकाळी सहाला घराबाहेर पडला की गावाच्या शिव्या सुरू. पाणी उशिरा आलं तर 'कुठं मेला व्हता', लवकर आलं तर 'सांगून सोडायला काय झालतं', जोरात आलं तर 'गढूळ हाय', आणि स्वच्छ आलं तर 'धारच न्हाय'. बावीस वर्षं त्यानं हे ऐकलं होतं. एका रविवारी चर्चमध्ये सगळे डोळे मिटून प्रार्थनेत असताना खिडकीतून कुणीतरी विचारलं, "ओ पाणीवाले, आमच्या आळीचं काय?" प्रेमानंदनं डोळे न उघडता "मंगळवारी" असं सांगितलं आणि पुढचं आमेन सगळ्यांबरोबर म्हटलं.

माणूस मऊ नव्हता. कुणी एक बोललं तर दोन ऐकवणारा. 'तुमच्या बापानं धरण बांधलंय का' हे त्याचं ठरलेलं उत्तर. पण गावातल्या पंधरा ख्रिस्ती घरांना हेही ठाऊक होतं, की कुणाच्या घरी दुखणं आलं, मयत झाली, तर दारात पहिला पोचणारा तोच. आल्या आल्या कुणावर तरी खेकसणार, आणि मग रात्र होईपर्यंत राबणार.

फक्त एका माणसाला तो कधी उलट बोलत नसे, आणि तो म्हणजे त्याचा थोरला चुलतभाऊ बिभीषण. त्याच्याशी भांडायची गरजच उरली नव्हती. त्याच्यासाठी प्रेमानंदनं नऊ मिनिटं काढून ठेवली होती.

ती नऊ मिनिटं सांगायची तर आधी बिभीषण सांगावा लागतो, आणि तो सांगताना कुणाचंही डोकं दुखतं. बिभीषण एसटीत कंडक्टर होता. सगळी नोकरी 'पुढं सरका, पुढं सरका' म्हणण्यात गेली. निवृत्त झाल्यावर मंडळीनं त्याला चर्चचा वडील नेमलं, म्हणजे कारभार पाहणारा जबाबदार माणूस. पाळक धाराशिवहून महिन्यातून दोनदा यायचे, आणि तीन वर्षांपूर्वी तर ती जागा वर्षभर रिकामीच होती. त्यामुळं चर्चचं कुलूप, सतरंज्या, ढोलकी आणि शिस्त असं सगळंच बिभीषणच्या हातात आलं. शिस्तीची त्याला इतकी हौस, की स्वतःच्या घरात चहा उशिरा आला तरी तो भिंतीवर दोनदा टकटक करायचा.

त्याच वर्षी प्रेमानंदच्या मुलीनं, अर्पितानं, उमरग्याच्या रुद्रेशशी लग्न केलं. रुद्रेश लिंगायत. औषधाच्या दुकानात बसणारा, चार शब्दांच्या वर न बोलणारा पोरगा. लग्न त्यांच्या पद्धतीनं झालं. प्रेमानंदची म्हातारी आई केशरबाई तिथं गेली, नातीवर अक्षता टाकल्या, दोन पुरणपोळ्या हाणल्या, आणि गावात येऊन सगळ्यांना रंगवून सांगितलंही. झालं. बिभीषणनं जाहीर केलं, केशरकाकू आजपासून शिस्तीखाली, म्हणजे दुसऱ्या धर्माचे विधी केल्याबद्दल मंडळीतून बाजूला. त्यानंतर दीड महिन्यात केशरबाई वारली.

एप्रिलची दुपार होती. तिच्या मयताची पेटी चर्चच्या दाराशी आणून ठेवली, आणि बिभीषणनं कुलूप उघडलं नाही.

"शिस्तीखालच्या माणसाची पेटी आत येत न्हाय," एवढंच म्हणाला.

जिनं तीस वर्षं ते चर्च झाडलं, मातीचं होतं तेव्हा शेणानं सारवलं, तिची पेटी दोन तास उन्हात. लोकांनी आधी समजावलं, मग कुजबुज केली, मग नुसता घाम पुसला. बिभीषणची बायको सिताबाई मात्र नवऱ्याकडं न बघता घरी गेली, चादर ओली करून आणली आणि पेटीवर पसरली. शेवटी प्रार्थना अंगणातच झाली. प्रेमानंद त्या दिवशी एक अक्षर बोलला नाही. चांगला गचांडी धरून भांडला असता तर बरं झालं असतं. निदान विषय तिथं संपला असता.

पुढच्या पाळीला वरच्या आळीचं पाणी त्यानं चाळीसऐवजी एकतीस मिनिटांत बंद केलं.

वरची आळी चढावर. पाइप भरत भरत पाणी वर सरकायचं आणि टोकाच्या घराला शेवटची पंधराच मिनिटं धार लागायची. टोकाचं घर बिभीषणचं. बाकीच्यांची भांडी तोवर भरलेली असत, म्हणून कुणाला संशयही आला नाही. बिभीषण मात्र जेरीस आला. त्यानं ग्रामपंचायतीत अर्ज दिले, प्लंबर आणला, दोनदा दारापुढचा पाइप खणून काढला. प्रेमानंद खड्ड्याच्या काठावर उभा राहायचा, मान हलवायचा आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणायचा, "चढ लई हाय, दादा."

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन. भाकर आणि द्राक्षरस घेण्याआधी पाळक नेहमीप्रमाणं सांगायचे, ज्याच्या मनात भावाविषयी काही असेल त्यानं आधी ते मिटवावं. या मंडळीची रीतच होती, ज्याचं मिटलं नाही त्यानं जागेवर बसून राहायचं, मेजेपाशी यायचं नाही. रीत चांगलीच होती. पण पंधरा घरांत बसून राहणं म्हणजे पुढं सहा महिने लोकांच्या तोंडाला काम. त्यामुळं कुणीच कधी बसत नसे. प्रेमानंदही उठायचा. आपण बिभीषणला माफ केलंय असं तो देवाला अगदी मनापासून सांगायचा, आणि पाळीच्या दिवशी घड्याळ बघून एकतिसाव्या मिनिटाला पाना फिरवायचा. दोन्ही गोष्टी एकाच माणसात सुखानं नांदत होत्या.

असं तीन वर्षं चाललं. मग अर्पिताचा फोन आला.

तिची लेक पाच महिन्यांची झाली होती. सासरी बाळाला लिंग बांधून झालं होतं. आता तिला चर्चमध्ये बाळाचं अर्पण करायचं होतं, म्हणजे बाळ देवापुढं नेऊन आशीर्वाद घ्यायचा होता. सासूची, इरम्माची, काही हरकत नव्हती. 'आशीर्वाद कुणाचाबी असंना, वाया जात न्हाय' असं ती म्हणाली म्हणे.

"उमरग्यातबी चर्च हाय की," प्रेमानंद म्हणाला.

"मला आपल्याच चर्चात पायजे, बाबा. आजीला आत घेतलं न्हाय, माझ्या लेकीला घेतील. मोठ्या काकांना तुमी इचारा."

"मी? त्या माणसाला?"

"मग कोण? पाळकसाहेबांना म्या फोन केला. चर्चच्या वडिलांची हरकत नसंल तर येत्या पयल्या रविवारी करू म्हणले. इरम्मामामींना म्या सांगून बसले. आता न्हाय म्हणू नका."

प्रेमानंदनं फोन ठेवला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर राग काढला. पोरीला उन्हातली पेटी आठवते, आणि तोंड मात्र आपण वेंगाडायचं! बायको म्हणाली, "लेकरासाठी जावा की एकडाव." ती असं म्हणणारच हे माहीत असल्यामुळं त्याला आणखी राग आला. आठ दिवस त्यानं ढकलले. पण बाळाचा फोटो मोबाइलवर आला, केशरबाईसारखंच कपाळ घेऊन, आणि माणसाचा नाइलाज झाला.

गुरुवारी वरच्या आळीची पाळी होती. प्रेमानंदनं व्हॉल्व उघडला आणि हिशोबी विचार केला, की आज मागायला जातोय तर पुरी चाळीस मिनिटं सोडावीत. माणूस जरा खुशीत असेल. पाना खड्ड्यातच ठेवून तो चढ चढला.

सिताबाई दारातल्या नळाला हंडा लावून बसली होती. भजन म्हणत होती. डाव्या गुडघ्याला पट्टा बांधलेला. हंडा भरला, घागर भरली, बादली भरली, आणि धार चालूच. तिनं भजन थांबवलं, धारेकडं बघितलं, मग प्रेमानंदकडं बघितलं.

"भावजी, आज काय काम काढलंत?"

"काम कशाचं? सहज."

"सहज न्हाय. आज पाणी बंद झालं न्हाय. म्हंजी तुमचं काय तरी काम हाय."

प्रेमानंदच्या तोंडचं पाणी पळालं.

"धारंला बसले की म्या भजनं म्हणते," सिताबाई हंडा बाजूला सारत म्हणाली. "आदी तीन भजनं पुरी व्हायची. काकू गेल्यापासून एकच व्हतंय. मला काय येडी समजता?"

"दादाला सांगितलं न्हाय?"

"काय सांगू? पाइप खणत बसत्यात, तेवढाच येळ घराभाईर ऱ्हात्यात."

प्रेमानंदला हसू येईना आणि रडूही येईना. "मग... तीन साल तुमी हापशावरनं..."

"मग काय उडत येतंय का? चार हंडे रोज." ती हे अगदी भाजीचा भाव सांगावा तशी सांगत होती. "पयल्या म्हयन्यात लई राग आला. मनलं, ह्येच्या आईवर चादर म्या घातली, आन् ह्यो मलाच पाणी वाहाया लावतुय. मग एक दिवस हापशावर हंडा भरताना मनलं, देवा, सोड त्येला. दुसऱ्या हंड्याला पुन्ना राग आला. पुन्ना मनलं. तवापासनं हंड्यागणिक चालू हाय. पुरं झालेलं न्हाय अजून, पर बरंच झालंय."

आता कुणीही शहाणा माणूस इथं खाली मान घालेल. प्रेमानंद भडकला.

"मला न इचारता माफ करायला कुणी सांगितलतं तुमाला?"

"तुमाला इचारायला तुमी माफी मागितली कवा?"

'तुमच्या बापानं धरण बांधलंय का' इथं चालण्यासारखं नव्हतं. तो पट्टा बांधलेल्या गुडघ्याकडं बघत राहिला. तीन वर्षं त्याला वाटत होतं की तो बिभीषणला तहानेनं मारतोय. बिभीषण तर भरलेल्या माठातलं पाणी पीत होता, आरामात. ज्या एका बाईनं त्याच्या आईच्या पेटीवर सावली केली, तिलाच त्यानं हापशावर नेऊन उभं केलं होतं. त्याला स्वतःची किळस आली, आणि किळस आली की त्याचा आवाज चढायचा.

आवाज ऐकून बिभीषण बाहेर आला. अंगात बनियन, हातात पेपर. "काय पाणीवाले? आज पाणी बरं हाय म्हणायचं."

सिताबाईनं डोळ्यांनी खुणावलं. हळूच म्हणाली, "लेकराचं इचारा. बाकीचं ऱ्हाऊ द्या."

आणि तसं राहू दिलं असतं तर काय बिघडलं असतं? सिताबाई बोलणार नव्हती. बिभीषण आज खुशीत होता. बाळाचं मागितलं असतं, त्यानं थोडा भाव खाऊन हो म्हटलं असतं, रविवारी लेक-जावई आले असते. खरं बोललं तर शिस्तीचा हा भोक्ता दार लावणार आणि बाळही आजीसारखं अंगणात राहणार. प्रेमानंदला हे लख्ख कळत होतं. त्यानं तोंड उघडलं ते बाळाचं विचारायलाच. "दादा, रविवारी..." इथवर आला, आणि नजर पुन्हा सिताबाईच्या पट्ट्यावर गेली.

"रविवारी काय?"

"रविवारी काय न्हाय! तुमचं पाणी म्या बंद करत व्हतो. चाळीस मिनिटांचं एकतीस. आई गेल्यापासनं. चढबिढ काय न्हाय."

बिभीषणला समजायला वेळ लागला. मग त्याचा चेहरा हळूहळू लाल होत गेला.

"तीन साल?"

"व्हय."

"म्या दोनदा पाइप खणला! प्लंबरला म्या चोर मनलं! आन् तू... तू वर उभा ऱ्हाऊन मला 'चढ लई हाय, दादा' मनतूस?"

"व्हय."

"प्रभूच्या मेजेला माझ्या शेजारी उभा ऱ्हातूस!"

"तुमीबी ऱ्हाताच की!" प्रेमानंद ओरडला. माफी मागायला तोंड उघडलं होतं आणि निघालं हे. "आईला उन्हात ठिवून तुमी उभं ऱ्हाता, तसा म्याबी ऱ्हातो. वैनीची माफी मागतो म्या. त्यांच्या पाया पडतो. तुमची मागायची का न्हाय ते मला अजून समजंना झालंय!"

बिभीषण आत गेला आणि त्यानं दार लावून घेतलं. बाळाचं विचारायचं राहूनच गेलं. बंद दाराबाहेरून ते सिताबाईनं नवऱ्याला ओरडून सांगितलं. आतून उत्तर आलं नाही. प्रेमानंद उतरून खाली आला तेव्हा व्हॉल्व उघडाच होता. वरच्या आळीला त्या दिवशी पासष्ट मिनिटं पाणी आलं, आणि खालच्या आळीतल्या बायका शिव्या देत खड्ड्याभोवती उभ्या होत्या.

रात्री त्यानं अर्पिताला सांगितलं, "या रविवारी. दार उघडं असलं तर आत, न्हाय तर अंगणात."

"म्हंजी? इचारलं का न्हाय?"

"इचारलं न्हाय. सांगितलं."

"काय सांगितलं?"

"ये मग कळंल," म्हणून त्यानं फोन ठेवला.

रविवारी दहाला उमरग्याहून जीप आली. अर्पिता, कडेवर बाळ, रुद्रेश, आणि जरीच्या इरकल लुगड्यातली इरम्मा. चर्चचं दार उघडं होतं. दारात बिभीषण उभा. धुतलेला पांढरा सदरा आणि तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. प्रेमानंदकडं त्यानं बघितलंच नाही. अर्पिता पायरीशी थबकली. तिलाही ती दुपार आठवत असणार.

"आत ये," बिभीषण म्हणाला. "उन्हात उभी ऱ्हाऊ नको."

अर्पण झालं. रीतीप्रमाणं चर्चच्या वडिलांनी बाळाच्या डोक्यावर हात ठेवायचा. बिभीषणनं ठेवला, तेव्हा बाळानं मान वळवली आणि झबल्यातून चांदीची लिंगाची डबी बाहेर लोंबली. पंधरा घरांनी श्वास रोखला. इरम्मानं पदर तोंडाला लावला. बिभीषणनं डबीकडं बघितलं, दोन बोटांनी ती उचलली, परत झबल्याच्या आत सारली आणि "आमेन" म्हणाला. अर्पिता रडायला लागली. प्रेमानंदच्याही डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचा त्याला वैताग आला, कारण या माणसासमोर रडायचं नाही असं त्यानं तीन वर्षांपूर्वी ठरवलं होतं.

मग प्रभुभोजन. पाळकांनी नेहमीचं सांगितलं, मिटवून या. लोक उठू लागले. सिताबाई गुडघा धरत उठली आणि मेजेकडं गेली. प्रेमानंद बसून राहिला. ज्यानं आपली लबाडी स्वतःच्याच तोंडानं सांगितली तो आता कुठल्या तोंडानं उठणार? लोक पुढं गेले तशी सतरंजी रिकामी झाली, आणि त्याला दिसलं की दुसऱ्या टोकाला बिभीषणही बसलेला आहे. सगळ्या मंडळीच्या माना वळल्या. पुढच्या सहा महिन्यांची सोय झाली.

बिभीषण ढुंगणानं सरकत सरकत जवळ आला आणि समोर बघतच म्हणाला, "उठ की. लोक बघत्यात."

"तुमी उठा."

"माझं मन साफ न्हाय. तू पाणी तोडलंस."

"माझंबी न्हाय. तुमी आईला उन्हात ठिवलं."

"ठिवलं." बिभीषण फार हळू म्हणाला, "चूक केली. दुसऱ्या दिवशीच कळलं व्हतं. पर मग कुलूप उघडून दावू कुणाला? काकू तर गेली व्हती."

तीन वर्षं प्रेमानंद या वाक्याची वाट बघत होता. ते ऐकल्यावर छातीवरचा धोंडा उतरेल असं त्याला वाटलं होतं. उतरला नाही. थोडा हलला फक्त.

"हे आदी म्हणाया काय झालतं?"

"तू बोललास का माझ्याशी? निस्तं 'चढ लई हाय, चढ लई हाय'!"

पुढच्या रांगेतल्या कुणीतरी वळून 'शू' केलं. मेजेपाशी सिताबाई डोळे मिटून उभी होती, ओठ हलत होते. तिचंही पुरं झालेलं नव्हतं. तिनंच सांगितलं होतं तसं. तरी ती तिथं गेली होती, जेवढं झालंय तेवढं घेऊन.

"माझं पुरं झालेलं न्हाय, दादा," प्रेमानंद म्हणाला. "तुमाला बघितलं की अजून डोकं फिरतंय."

"माझंबी न्हाय. पाइपाचं आठवलं की तुला हाणावं वाटतंय."

"मग काय करायचं?"

"मला काय इचारतूस? हात दे. पायाला मुंग्या आल्यात."

प्रेमानंदनं हात दिला. बिभीषण जड माणूस. त्याला ओढून उभं करताना प्रेमानंदच्या पाठीत चमक निघाली आणि तोंडातून चर्चमध्ये न शोभणारा शब्द निघाला. तोवर शेवटचा माणूस मेजेपासून परतला होता. पाळकांनी ताटलीवर पांढरा कपडा टाकायला घेतला.

"ओ पाळकसाहेब, झाकू नका!" प्रेमानंद ओरडला. "आमी दोघं ऱ्हायलोत अजून."